ताटाखालचा लाल ठिपका

पत्र :
गेल्या वर्षी माझ्या दिरांच्या मुलाला कावीळ झाली होती, महिनाभरात तो ठणठणीत झाला. आता माझ्या मिस्टरांनी पहिल्यांदाच रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे म्हणाले. त्यांना कसलाही त्रास नाही, डोळे पिवळे नाहीत, भूक व्यवस्थित आहे. मला सहावा महिना सुरू आहे. सासूबाईंनी त्यांचं ताट, वाटी, पेला वेगळा केला आणि ओळखू यावं म्हणून ताटाखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. टॉवेल वेगळा, खोली वेगळी. पुतण्याला काकाजवळ बसू देत नाहीत. जाऊबाई म्हणतात, हा रोग ‘तसल्या’ मार्गानेच होतो. रात्र रात्र झोप लागत नाही. ह्यांनी माझ्यापासून काही लपवलंय का? बाळाला होईल का? आणि पुतण्या जसा बरा झाला तसे हे का होणार नाहीत?
— एक वाचक

उत्तर :
तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी त्या लाल ठिपक्यापाशी थांबले. ज्या माणसानं कुणाला तरी जीवदान मिळावं म्हणून बाह्या वर केल्या, तो आता जेवायला बसताना ताट उलटं करून ठिपका बघत असेल, हे डोळ्यांसमोर आलं. सासूबाईंचा राग येऊ देऊ नका. घरात गरोदर सून आहे, लहान नातू आहे, त्या घाबरल्यात. पण त्यांची भीती चुकीच्या वस्तूंवर जाऊन बसली आहे. ती तिथून उचलून योग्य ठिकाणी ठेवायची, एवढंच मला करायचं आहे.

आधी पुतण्याची गोष्ट बाजूला काढू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. कावीळ हे एक लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं, ते लिव्हर गाळून पित्तावाटे बाहेर टाकतं. लिव्हरला सूज आली की ते रक्तात साचतं आणि डोळे, लघवी, कातडी पिवळी दिसू लागते. या सुजेलाच हिपॅटायटिस म्हणतात. ती कशानेही येऊ शकते : दारूनं, औषधांनी आणि विषाणूंनी. विषाणूंपैकी पाच जण यात मुख्य आहेत. त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावं आहेत. नावं एका माळेतली असली तरी हे पाच जण एकमेकांचे भाऊबंद नाहीत. लिव्हर हे मुक्कामाचं ठिकाण तेवढं सारखं, तिथवर पोचायच्या वाटा निराळ्या.

तुमच्या पुतण्याला बहुधा ए किंवा ई झाला असावा. हे दोघे तोंडावाटे येतात. आजारी माणसाच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो आणि दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, उघड्यावरच्या खाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. ऐकायला किळसवाणं आहे, पण ही वाट नीट कळली तरच ती बंद करता येते. हिपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. आणि डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत तो माणूस सगळ्यात जास्त विषाणू बाहेर टाकत असतो. म्हणजे घरच्यांना कावीळ दिसते तेव्हा पसरण्याचा मुख्य काळ सरत आलेला असतो. ए कायमचा राहत नाही. शरीर त्याला हुसकावून लावतं आणि पुन्हा आयुष्यभर होऊ देत नाही. ई सुद्धा निरोगी माणसात आपोआप बरा होतो.

गंमत बघा, वाटी-पेल्याची आणि हात धुण्याची काळजी खरं तर पुतण्याच्या आजारात घ्यायला हवी होती. साबण लावून भरपूर पाण्याखाली हात चोळून धुणं ही तिथली खरी ढाल. ए च्या विषाणूवर नुसतं सॅनिटायझर पुरेसं ठरत नाही.

आता तुमच्या मिस्टरांकडे येऊ. बी ची वाट वेगळी आहे. तो रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो आणि आईकडून बाळाकडे, मुख्यतः जन्माच्या वेळी, जातो. जेवणातून, पाण्यातून, एका ताटात खाल्ल्यानं, शिंकेतून, खोकल्यातून, मिठी मारल्यानं, मांडीवर बसल्यानं, डास चावल्यानं तो पसरत नाही. त्यांनी सगळ्यांसाठी स्वयंपाक केला तरी चालेल. पुतण्याला परत काकाकडे जाऊ द्या. त्या मुलाला काकाची मांडी का बंद झाली हे कुणी सांगितलं नसेल, आणि मुलं अशा वेळी आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसतात.

मग वेगळं काय ठेवायचं? रेझर. टूथब्रश. नेलकटर. कानातलं. साखर तपासायचं यंत्र घरात असेल तर त्याची सुई. ज्या ज्या वस्तूला डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा कण लागू शकतो ती प्रत्येक वस्तू ज्याची त्याची. बी चा विषाणू चिवट आहे, शरीराबाहेर सुकलेल्या रक्ताच्या डागात तो निदान ७ दिवस तग धरतो. तुमच्या बाथरूममध्ये आरशाखाली एकाच मगमध्ये सगळ्यांचे ब्रश एकमेकांना टेकून उभे असतील आणि शेजारी एकच नेलकटर घरभर फिरत असेल, तर ठिपका तिथे द्यायला हवा होता. जखम झाली की पट्टी लावून झाकायची. रक्त सांडलं तर हातमोजे घालून पुसायचं आणि ती जागा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणानं स्वच्छ करायची. टॉवेल एरवीही ज्याचा त्याचा असलेला बरा, पण त्यासाठी त्यांना वेगळ्या खोलीत पाठवायचं कारण नाही.

तुमच्या तिन्ही प्रश्नांमध्ये सगळ्यात जड प्रश्न लपवाछपवीचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

बी चा विषाणू लिव्हरच्या पेशींना स्वतः फारसा मारत नाही. पेशीत शिरलेला हा परका कोण, हे ओळखून आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते. सूज येते ती या लढाईमुळे. मोठ्या, निरोगी माणसाला बी झाला की बहुतेक वेळा ही लढाई जोरात होते. तो थकतो, कधी कावीळ होते, आणि काही महिन्यांत विषाणू शरीरातून हद्दपार होतो. मोठ्या वयात लागण झालेल्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी लोकांत तो मुक्काम ठोकतो. नवजात बाळाचं अगदी उलट. त्याची प्रतिकारशक्ती अजून आपलं-परकं ओळखायला शिकतेय. विषाणू आत शिरतो आणि शरीर त्याला घरचाच समजून राहू देतं. लढाई नाही, म्हणून सूज नाही, म्हणून पिवळे डोळे नाहीत. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत हा विषाणू कायमचा वस्तीला राहतो आणि वीस-तीस वर्षं चाहूलही लागू देत नाही. मग कधीतरी रक्तदान होतं, ऑपरेशनच्या आधीची तपासणी होते, आणि माणूस हादरतो.

म्हणजे कसलाही त्रास नसलेला, अचानक पॉझिटिव्ह निघालेला तुमच्या मिस्टरांसारखा माणूस समोर आला की माझ्या मनात पहिली शंका बालपणाची येते. जन्म, लहानपणी नीट न उकळलेल्या सुईनं दिलेलं इंजेक्शन, भावंडांच्या उघड्या जखमा. शरीरसंबंध हा एक मार्ग आहे, पण तो एकमेव नाही. रिपोर्टवरून तो ओळखताही येत नाही. जाऊबाईंना ‘तसल्या मार्गानं’ झालंय हे कळलं असेल, तर ते रिपोर्टात वाचून कळलेलं नाही. तुमच्या नवऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे मी सांगू शकत नाही, पण या कागदाच्या आधारावर अविश्वास धरू नका. त्यात तसं काही लिहिलेलं नाही.

आणि इथे एक नाजूक गोष्ट आहे. लागण जन्माच्या वेळची असेल, तर ती सासूबाईंकडून आलेली असू शकते. आणि त्यांच्याही नकळत, कदाचित त्यांच्या आईकडून. हे मी लिहितेय ते आता बोट त्यांच्याकडे वळवावं म्हणून अजिबात नाही. त्या काळात आपल्याकडे ना ही चाचणी सर्रास होत होती ना लस सर्रास मिळत होती, बहुतेक आयांना हे टाळता आलं नसतं. लिहायचं कारण असं की त्यांची आणि दिरांची तपासणी व्हायला हवी, कारण कदाचित सासूबाईच घरात सगळ्यात जास्त काळ, विनाउपचार, हा विषाणू सांभाळून असतील. सांगताना जपून सांगा. शक्य असेल तर तुम्ही सांगूच नका, डॉक्टरांना सांगू द्या : ‘घरातल्या सगळ्यांची करायची असते.’ ते खरंही आहे. एका माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आई-वडील, भावंडं, जोडीदार, मुलं, सगळ्यांची तपासणी करतात. ज्यांच्यात विषाणू नाही आणि संरक्षणही नाही त्यांना लस देतात. पुतण्याच्या लसीचं कार्ड काढून बघा, बी ची लस पूर्ण झाली असेल तर त्याची चिंता मिटली.

बाळाबद्दल. वडिलांचा विषाणू थेट पोटातल्या बाळाला जात नाही, जाईल तर तुमच्या मार्फत. म्हणून सगळं तुमच्या रिपोर्टवर अवलंबून आहे. तुमची फाइल उघडा. गरोदरपणाच्या पहिल्या तपासण्यांमध्ये ‘एचबीएसएजी’ असं लिहिलेलं सापडेल. ते निगेटिव्ह असलं तरी आता ती चाचणी पुन्हा करून घ्या आणि सोबत ‘अँटी-एचबीएस’ व ‘अँटी-एचबीसी’ या दोनही करा. पहिली चाचणी विषाणू आहे का ते सांगते, दुसरी संरक्षण आहे का, तिसरी पूर्वी कधी गाठ पडली होती का. तिन्हीत काहीच नसेल तर लस ताबडतोब सुरू करा. गरोदरपणात ही लस सुरक्षित आहे, तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन तेवढं असतं. नेहमीचा क्रम पहिला डोस, एक महिन्यानं दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजायचं. आकडा १० किंवा त्याहून वर आला की तुम्ही सुरक्षित. तोवर संबंधांच्या वेळी निरोध वापरा, बाकी एका खोलीत, एका पांघरुणात झोपायला काहीही हरकत नाही.

समजा तुमचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तरी हातपाय गाळू नका. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजतील. ते फार असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविर नावाची गोळी देतात, ती बाळाकडे जाणारा लोट रोखते. जन्मल्याबरोबर बाळाला लसीचा पहिला डोस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. त्यानंतर लसीचे पुढचे डोस वेळच्या वेळी. एवढं नीट केलं तर बहुतेक बाळं लागणीपासून वाचतात. अंगावर पाजायलाही अडचण नाही. आणि तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळालाच पाहिजे. घरात विषाणू आहे, बाळ त्याच घरात रांगणार आहे.

या लसीमागची गोष्ट मला फार आवडते. बरूक ब्लमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ काविळीच्या मागावर नव्हतेच. निरनिराळ्या लोकांच्या रक्तात आनुवंशिक फरक काय असतात ते ते शोधत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. १९६५ साली त्यांनी ते जाहीर केलं आणि त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हटलं. ते बी च्या विषाणूचं आवरण आहे हे पुढे उलगडलं. जुने डॉक्टर अजूनही ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ म्हणतात, तुमच्या कानावर तो शब्द पडला तर दुसरा आजार निघाला असं समजू नका. १९७६ साली ब्लमबर्ग यांना नोबेल मिळालं, १९८१ साली पहिली लस वापरात आली, आणि २८ जुलै या त्यांच्या जन्मदिवशी जगभर हिपॅटायटिस दिन पाळतात. बी मुळे लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ही कॅन्सर टाळणारी पहिली लस मानली जाते.

ती कॅन्सरची गोष्ट ओघात आली, पण मिस्टरांच्या बाबतीत तिच्यावरून पुढे जाता येणार नाही. त्रास नाही म्हणजे काम नाही, असं होत नाही. रक्तपेढीची चाचणी ही चाळणी असते, तिच्यानंतर पक्की चाचणी लागते. पुढे लिव्हरची एन्झाइम्स, विषाणूचं प्रमाण, सोनोग्राफी, आणि सोबत सी, डी व एचआयव्हीच्या चाचण्याही. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह राहिलं की त्याला जुनाट हिपॅटायटिस बी म्हणतात. सगळ्यांनाच लगेच गोळ्या लागतात असं नाही. ज्यांना लागतात त्यांच्यासाठी टेनोफोविर किंवा एन्टेकाविर आहे, रोज एक गोळी, सहसा दीर्घकाळ. ती विषाणूला मुळापासून उपटत नाही, कारण त्याचा एक गाभा पेशीच्या केंद्रात दडून राहतो. पण त्याची वाढ ती थोपवते, लिव्हर सुकण्याचा आणि कॅन्सरचा धोका कमी करते. पुतण्यासारखे ‘बरे का होणार नाहीत’ याचं उत्तर त्या दडलेल्या गाभ्यात आहे, पथ्याचा इथे संबंध नाही. गोळी सुरू झाली तर ‘आता रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून मनानं बंद करायची नाही. अचानक बंद केल्यावर लिव्हरला जबर सूज आलेली मी पाहिली आहे. गोळ्या नसल्या तरी ठरलेल्या अंतरानं तपासणी चुकवायची नाही. पुढे कधी स्टेरॉइड किंवा केमोथेरपी घ्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना बी बद्दल आधी सांगायचं, कारण प्रतिकारशक्ती दबली की झोपलेला विषाणू उठतो. दारू पूर्ण बंद. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे आणि चूर्णंही बंद, त्यातल्या कित्येकांनी लिव्हर बिघडतं. रक्तदान मात्र त्यांना आता करता येणार नाही, आणि मला वाटतं त्यांना याचंच सगळ्यात वाईट वाटत असेल. त्यांच्याशी त्यावर बोला.

सी आणि डी बद्दल थोडक्यात. सी रक्तातून पसरतो, त्याची लस नाही, पण ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. डी एकटा येत नाही, बी च्या खांद्यावर बसूनच येतो, म्हणून बी ची लस घेतली की त्याचीही वाट बंद.

तुम्हाला स्वतःला मात्र आता ई पासून जपायचं आहे. तुम्ही पतीच्या पेल्याला घाबरताय, पण गरोदरपणात घाबरावं असं काही असेल तर ते पेल्यातलं पाणी आहे, पेला कुणाचा हे नव्हे. १९५५-५६ साली दिल्लीत नदीतलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा डॉक्टरांना ती ए ची साथ वाटली. पुष्कळ वर्षांनी जपून ठेवलेलं रक्त तपासल्यावर ती ई ची होती असं कळलं. त्या साथीत गरोदर स्त्रियांचे हाल सगळ्यात जास्त झाले. एरवी आपोआप बरा होणारा ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणा ठरू शकतो, त्या काळात लागण झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावतात. तुमचे ते तीन महिने आता दाराशी आले आहेत. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर उकळू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा, दांड्याच्या ओगराळ्यानं काढा. बाहेरचा बर्फ आणि कच्चं, चिरून ठेवलेलं काही नको. लघवी गडद झाली, अन्नाचा वासही नकोसा झाला, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे वाटले तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात जा. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, झापड आली, कुठूनही रक्त येऊ लागलं तर तडक मोठ्या हॉस्पिटलात. हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा, कारण त्या अवस्थेत ते स्वतः सांगणं जमत नाही.

या आठवड्यात एवढं करा. तुमच्या तीन चाचण्या. मिस्टरांसाठी पोटविकार किंवा लिव्हरच्या डॉक्टरांची वेळ, आणि त्या वेळी तुम्ही सोबत जा. सासूबाईंनाही न्या आणि डॉक्टरांसमोर त्यांना हवे ते प्रश्न विचारू द्या, अगदी ताटाचाही. माझ्या उत्तरापेक्षा समोर बसलेल्या माणसाचं उत्तर त्यांना लवकर पटेल. तुमचं नाव जिथे नोंदवलंय तिथल्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या : वडील हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, बाळाला २४ तासांच्या आत लस. प्रसूती रात्री-अपरात्री होते, ड्युटीवरची माणसं बदलतात, आणि सुट्टीच्या दिवशी हा डोस राहून जातो. ती जबाबदारी मिस्टरांवर सोपवा. बाळ झाल्यावर घड्याळ बघून लस मागून घेण्याचं काम त्यांचं.

तुमचे रिपोर्ट आले की मला कळवा.